तांबड्या पेशींना तुपाचं चिलखत

३ फेब्रुवारी, सोमवार
डॉक्टर म्हणाले, माझीच प्रतिकारशक्ती माझ्याच तांबड्या पेशी फोडतेय. म्हणजे शक्ती आहे, फक्त दिशा चुकलीय. आमच्या भोरच्या ऑफिसात तेवढीही नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या रोज. शैलजा, म्हणजे आमचं काळजीवाहू सरकार, डबी स्वतःकडे ठेवणार आहे.

५ फेब्रुवारी
लेकीचा फोन. भार्गवी पुण्यात पेशींवर संशोधन करते. म्हणाली, पेशीचं आवरण चरबीचं असतं. त्यातली चरबी बदलली की हल्ल्यात काही पेशी टिकतात, काही फुटतात. "आम्ही ताटलीत चरबी बदलून बघतो, बाबा." पुढे बरंच बोलली. मला मुद्दा कळला होता, ऐकत बसलो नाही. उद्यापासून ताटलीत साजूक तूप.

८ फेब्रुवारी
पासलीहून बिरू आला. गुरं आहेत त्याची. दोन किलो तूप मागितलं तर म्हणतो, "सायेब, घरात लगीन हाय का?" विज्ञान कोणाकोणाला समजावणार.

१० फेब्रुवारी
गोळ्यांनी तोंड सुजलंय. अंगात चिलखत असताना ढाल कशाला? आजपासून गोळी जिभेखाली, मग बेसिनमध्ये. शैलजाला सांगितलेलं नाही. तिला तत्त्वं पटायला वेळ लागतो.

१४ फेब्रुवारी
डोळ्यांवर पिवळी झाक. ऑफिसातले आनंदराव म्हणाले, काविळीसारखं दिसतंय. जळतात. तुपाचं तेज आहे ते. जिन्यात दम लागला. जिनाच वाईट बांधलाय.

१८ फेब्रुवारी
भार्गवी आली. तिला ताटली दाखवली. आधी हसली, मग माझी पापणी खाली ओढून डोळे बघितले. तिची ताटली लॅबमधली निघाली. तीत रक्ताच्या पेशी ठेवतात, वरणभात नाही. नुसतं तूप खाऊन पेशींना कवच चढत नाही म्हणे. शिकलेल्या माणसांनी शब्द जपून वापरावेत. गोळ्यांचं विचारलं. घेतोय म्हणालो. शैलजा बेसिनकडे बघत राहिली.

२० फेब्रुवारी
पुणे. हॉस्पिटल. हिमोग्लोबिन साडेपाच. रक्त द्यायचंय, पण जुळेना. माझं शरीर आता परक्या पेशींवरही धावून जातंय. तुपाने फक्त कोलेस्टेरॉल वाढलं.
शैलजाने गोळी दिली आणि तोंड उघडून दाखवायला लावलं. इतकं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "तुमचं शरीर तुमच्यावर उठलंय. तुम्ही तरी त्याला फितूर होऊ नका."
यावर चोख उत्तर सुचलं होतं. बोलायला दम पुरला नाही.