अर्धा तास तोंड बंद

२० ऑक्टोबर १९७४, रविवार

डस्टर मी फळ्यालाच मारला होता. पोरांना नव्हे! तरी हेडमास्तरांनी चार दिवस रजा दिली आणि ह्यांनी धरून डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब वाढलाय म्हणे. चौतिसाव्या वर्षी! गोळ्या दिल्या आणि वर एक फर्मान – रोज सकाळी अर्धा तास मातीत हात घाला, बाग करा आणि तेवढ्या वेळात तोंड बंद. एक शब्द नाही. लक्ष फक्त मातीकडे.

'हातांचं जमेल, तोंडाचं अवघड आहे,' हे म्हणाले. डॉक्टरांसमोर! उतरला असता रक्तदाब तो तिथेच पुन्हा चढला.

२२ ऑक्टोबर

मोरीमागे परसात एक पट्टा आहे. दगड, खापऱ्या, फुटकी कपबशी, सगळं निघालं. नळ दिवसाआड येतो, म्हणून आंघोळीचं पाणी चर काढून तिकडे वळवलं. चार गुलाबाची कलमं आणली. मोगरा आणला. मळलेले हात घेऊन मुकाट बसले. पाच मिनिटांत सहा जणांना सांगायच्या गोष्टी आठवल्या. गिळल्या.

२५ ऑक्टोबर

आज अव्वा येऊन बसल्या शेजारी. सासरे उन्हाळ्यात गेले, तेव्हापासून सासूबाई आमच्याकडे आहेत. अक्कलकोटकडचं गाव सुटलं, शेत धाकट्या दिराकडे – रेवणप्पांकडे. इथे त्यांचं मन लागत नाही आणि माझं त्यांच्याशी जमत नाही. त्या अर्धं कानडी बोलतात, मी पूर्ण रागात बोलते. आमचं बोलणं भाकरी-आमटीपुरतं.

पण मौनात बऱ्या वाटल्या! वाद नाही, टोमणा नाही. मी डोळे मिटून बसले होते. उघडले तर अव्वा गुलाबांमधल्या मोकळ्या मातीत बोटाने भोकं पाडत होत्या. म्हटलं, त्यांचाही काही रक्तदाब असेल. माझा नियम – विचारायचं नाही. विचारलं नाही.

२ नोव्हेंबर

गुलाबाला तांबूस पालवी! शाळेत आज दोनदाच ओरडले. शिपाई म्हणाला, 'बाई, बरं न्हाय का?'

१० नोव्हेंबर, रविवार

घरात दिवाळीची साफसफाई झाली, मग बागेची काढली. गुलाबांच्या मध्ये गवत माजलं होतं – चांगलं वीतभर! एकेक काडी मुळासकट उपटली. लक्ष देऊन, श्वास मोजत, अगदी डॉक्टरांनी सांगितलं तसं. काय शांत वाटलं! पाटीभर गवत शेजारच्या गोजरबाईंच्या शेळीला दिलं.

दहा मिनिटांत गोजरबाई पाटी घेऊन पळत परत. 'अवं बाई, ही कवळी ज्वारी हाय की! शेरडाला चारतात व्हय ही? इख असतं हिच्यात. मरंल की माजी शेरडी!'

ज्वारी? आमच्या बाबांची ज्वारीची आडत! जन्म पोत्यांवर लोळण्यात गेला, रोज भाकरी खाते, आणि ज्वारी उगवून आली तर ओळखता येईना!

अव्वा मंदिरातून आल्या. मोकळा वाफा पाहिला. पाय धुतले, आत गेल्या.

मग मलाच राग आला. गुलाबात ज्वारी पेरतं का कुणी? सांगायचं तरी! (कधी सांगणार? बागेत तोंड बंद हा नियम माझाच.)

११ नोव्हेंबर

अव्वा बागेत आल्या नाहीत.

१९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. करंज्या बऱ्या झाल्या. बागेत मी एकटीच. मौन पाळायला सोपं जातं, आणि तेच आवडत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

जेवताना अव्वा ह्यांना म्हणाल्या, 'धोंडप्पा, येळवशीला गावाकडं जाते. मग तितंच ऱ्हाते.' ह्यांनी घास परत ताटात ठेवला. 'अव्वा, काय कमी आहे इथे?' तर म्हणाल्या, 'कमी काय न्हाय. पन माजं काय न्हाय हितं.'

खरं सांगते, कागदालाच तर सांगायचंय – मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मधली खोली मोकळी होईल, वह्या तपासायला बरी.

१७ डिसेंबर

गोजरबाईंना सहज म्हटलं, अव्वा जाणार. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

'तुमाला म्हाईत न्हाय? ज्वारी येळवशीसाठीच पेरली हुती की! मला म्हनल्या हुत्या, औंदा गावाला जात न्हाय, माजं शेत हितंच केलंय.'

येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. उभ्या पिकात कडब्याची खोप करायची, आत पाच खडे पांडव म्हणून मांडायचे, शेताला आंबील शिंपडत फेरी घालायची. माझ्या माहेरी येळवस म्हणजे ओळखीच्या कुणाच्या तरी शेतावर जाऊन पालेभाज्या-शेंगांची भज्जी हादडणं. अव्वांना मात्र उभं पीक हवं. ते नसेल तर येळवस कसली? म्हणून चार गुलाबांच्या मध्ये त्यांनी शेत केलं. त्या इथे राहायचं ठरवून बसल्या होत्या, आणि मी त्यांचं शेत उपटून शेळीपुढे टाकलं. शेळीनेही खाल्लं नाही!

१८ डिसेंबर

'अव्वा, चुकलं माझं.' तीन शब्द. वर्गात साठ पोरांना गप्प करणारी मी, तोंडातून निघेनात. त्या जात्याजवळ बसलेल्या, मी दारात उभी. 'याक?' म्हणाल्या – का गं? मी म्हटलं, 'मीठ संपलंय.' मीठ भरपूर होतं.

दळणाच्या डब्यातली मूठभर ज्वारी घेतली आणि पेरून आले. बोटाने भोकं पाडून.

२६ डिसेंबर

उगवली! थंडीने उशीर केला, पण उगवली. आता ओळखते मी तिला – पान रुंद, मधोमध शीर. हे म्हणाले, 'अमावस्येपर्यंत काय गुडघ्याला लागणार का?' मी डोळे वटारले. तोंड बंदच ठेवलं.

४ जानेवारी १९७५

अव्वांची ट्रंक माळ्यावरून खाली आली. इरकली लुगडी घड्या घालून आत. परसाकडे त्या फिरकतच नाहीत. मीच मोरीच्या दाराशी उगाच भांडी आपटते, बघतील म्हणून. 'भांडी पोचतील की,' एवढंच म्हणाल्या.

त्यांनी जाऊ नये. लिहून टाकलं एकदाचं. भाकरी थापताना त्यांची टपटप ऐकू येते ती मला हवीय.

११ जानेवारी, शनिवार

रेवणप्पा न्यायला आलेत. उद्या सकाळची गाडी, दुपारची फेरी शेतावर गाठायची. ह्यांनी बाजारातून कडब्याच्या पाच पेंढ्या खांद्यावरून आणल्या. वाटेत ओळखीच्यांनी विचारलं, 'म्हैस घेतली का?' गोजरबाईंनी भज्जीचं सगळं निवडून दिलं. बाजरीच्या पिठाचे उंडे मीच वळले. काही उंडे, काही धोंडे. आंबील मडक्यात आंबत ठेवलंय.

ज्वारी वीतभर झालीय. पाऊण वीत म्हणा.

१२ जानेवारी, रविवार. येळवस

उजाडता हाताला धरून अव्वांना परसात नेलं. गुलाबांच्या मध्ये कमरेएवढी खोप, खोपीत पाच खडे. माझा नेमाचा अर्धा तास चालू होता, तरी बोलले – 'अव्वा, चुकलं माझं.' त्या खाली बसल्या, पिकावरून हात फिरवला. 'पेरा दाट झालाय,' म्हणाल्या आणि मधली रोपं विरळायला लागल्या. मग उठून मडकं घेतलं, आंबील शिंपडत फेरी घातली. 'ओलगे! ओलगे!' – येळवशीला शेतात देतात ती हाळी. चार पावलांत फेरी संपली, म्हणून पाच घातल्या. गाडी केव्हाच गेली.

रेवणप्पा भज्जी चापून दुपारच्या गाडीने एकटेच निघाले. अव्वा त्यांना दारात म्हणाल्या, 'तितलं शेत तूच बघ. माजं शेत हाय हितं.'

रेवणप्पा परसाकडे बघत हसले. 'केवडं हाय अव्वा?'

'लई हाय,' अव्वा म्हणाल्या.