मधल्या खुर्चीच्या पाठीमागे

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
होळीनंतरचा सोमवार, १९९४

तीर्थरूप तुळसाताईंना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? टिटवाळ्याच्या नव्या जागेत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढू लागलं, की अजून दगडूभाऊजीच खालून बादल्या चढवतात? (त्यांचे खांदे दुखत असतील तर गुडघ्याचं तेलच चोळा, एकाच बाटलीत दोघांचं भागेल.) इकडे सुमती मजेत आहे, लग्नाच्या विचारात दुधाचं पातेलं दोनदा करपवून झालं. मी बरी आहे. तुमच्या बंधूंची प्रकृती उत्तम आहे आणि तीच माझी काळजी आहे. माणूस जरा आजारी असता, तर पलंगावर पडून राहिला असता आणि माझी बाहेरची खोली मला मिळाली असती.

झालं असं की, आम्ही सुमतीच्या लग्नाची भांडी घ्यायला ठाण्याला गेलो होतो. ऊन फार होतं. भांड्यांच्या दुकानाशेजारी एक टेप-रेडिओचं थंडगार दुकान होतं, तिथे हे 'जरा गार होतो' म्हणून शिरले. आतल्या अंधाऱ्या खोलीत त्यांना एका खुर्चीत बसवून चारी बाजूंच्या खोक्यांतून हेलिकॉप्टर ऐकवलं. ते डोक्यावरून गेलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. हे बाहेर आले तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं चक्कर आली. म्हणाले, "सरोज, आजपर्यंत आपण फक्त समोरून ऐकत होतो." मी म्हटलं, दोन कान बाजूला दिलेत तेवढे पुरले की आजवर. पण त्या दिवशी भांडी राहिली ती राहिलीच. सुमतीच्या हंडा-कळशीऐवजी घरात आलं ते एक काळं यंत्र, त्यावर बोटं ठेवायला जागा नाही इतकी बटणं, आणि चार खोकी. ह्या सगळ्याला म्हणतात सराऊंड.

आता आमची बाहेरची खोली तुम्ही पाहिलीत तर चपला घालून परत जाल, चुकीच्या घरी आले म्हणून. पुढची दोन खोकी टीव्हीच्या दोन बाजूंना, आणि मागची दोन भिंतीवर टांगलेली, एक स्वयंपाकघराच्या दारावर आणि दुसरं झोपायच्या खोलीच्या. बरोबर मधोमध एक खुर्ची. ती जागा काढायला ह्यांनी सुतळी आणि खडू घेऊन फरशीवर अशा रेघा मारल्या की शेजारच्या जनाबाईंना वाटलं, आम्ही घरात विहीर खणतोय. मग प्रत्येक कोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवायच्या आणि घुमतंय का ऐकायचं. (खालच्या मजल्यावरचे दोघे आरती समजून प्रसादाला वर आले. मी साखरफुटाणे दिले, काय करणार?) घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावले. आपल्या आळीत अंडी काही कमी खात नाहीत, आठवड्यात भिंत भरली. आता त्या खळग्यांत पाली राहायला आल्यात, एकेकीला स्वतंत्र खोली. आमच्या बिल्डरनं आम्हाला जागा देताना इतका उदारपणा दाखवला नव्हता.

खुर्ची एक आणि माणसं अनेक, ही ह्या शास्त्रातली मोठी अडचण. आवाज म्हणे त्या एकाच जागी जुळून येतो, बाकीच्यांनी भिंतीला टेकून त्या भाग्यवानाकडे बघत बसायचं. तिथी ठरवायला व्याही आले, तर त्यांना त्या खुर्चीत बसवून धबधबा ऐकवला. सज्जन माणूस, घाबरून वर छताकडे बघत उठले आणि म्हणाले, "टाकी फुटली काय वरची?" विहीणबाईंची साडी वायरीत अडकली. तिथी ठरली हे नशीब.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग तुमच्या बंधूंनी आईची कॅसेट काढली.

तुमच्या रतनच्या लग्नातली ती. सगुणाआत्या लग्नाचे धवले गात होत्या आणि सासूबाई झेलत होत्या, ते दगडूभाऊजींनी मांडवाच्या खांबाला एकच माईक बांधून टेप केलं होतं. सासूबाईंचा आवाज आता तेवढाच उरलाय. तुम्हाला ठाऊकच आहे, आत्यांनी ओळ टाकायची आणि सासूबाईंनी ती पाठीमागून उचलायची, हा त्या दोघींचा आयुष्यभराचा जोडधंदा. पंचक्रोशीत हळद लागत नसे त्यांच्याशिवाय. (लग्न होऊन चेंदणीच्या कोळीवाड्यातून ह्या घरी आले तेव्हा मीही एकदा हौसेनं झेलायला गेले होते. सासूबाई म्हणाल्या, "चेंदनीच्या कोलनीचा सूर, खारा लागतंय." त्यानंतर मी पानं वाढायला असे.) तर ह्यांच्या मनात आलं, की ह्या कॅसेटचं मिक्सिंग करायचं. आत्या समोरच्या खोक्यांतून, आई मागच्या खोक्यांतून. आणि सुमतीच्या लग्नात मांडवाच्या चार खांबांना चार मोठी खोकी बांधून नवरीला मधोमध बसवायचं. पोरीला आजीचा आवाज पाठीमागून यायला हवा, जशी आई नेहमी बसायची.

मदतीला कोण, तर जगन. लोकांच्या हळदीला खोक्यांची भिंत रचून गाणी लावतो तो. त्याला आवाज एवढाच कळतो की खिडकीची काच हलली पाहिजे. ह्या दोघांनी पंधरवडाभर बटणं पिरगाळली. जाड आवाज वाढवला की सगुणाआत्या पुरुषासारख्या गायच्या, बारीक वाढवला की सासूबाईंना कुणीतरी चिमटा काढतंय असं वाटायचं. शेवटी एके संध्याकाळी हे मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसले आणि हात वर केला. "जगन, थांब. हलवू नको. आली." मी विचारलं, कोण? तर म्हणाले, "आई. मागे बसलीय. लुगडं सावरतेय, त्याची सळसळ ऐक."

मग जो येईल त्याला ती सळसळ. जनाबाईंना ऐकू आली. व्याह्यांना आली. सुमतीलाही आली. (तिला सध्या बाबा म्हणतील ते सगळं ऐकू येतं, कारण नाचाचा घागरा अजून घ्यायचाय.)

ताई, स्वयंपाकघराच्या दारावरच्या त्या मागच्या खोक्याची धूळ मी रोज पुसते. कॅसेट चालू असताना स्टुलावर चढून मी त्याला कान लावला. आई नाही, आत्या नाही, काही नाही. फक्त तव्यावर सुकट भाजताना होते तशी चुरचुर. जगनला स्वयंपाकघरात बोलावून चहा दिला आणि विचारलं, तेव्हा तो कपात बघत म्हणाला, "वयनी, माईक एक होता ना तवा. डाव्याला जे, तेच उजव्याला. मागच्या बॉक्सला दोघांतला फरक असल तेवढाच जातो. फरकच नाय तर जाणार काय? नुसता टेपचा कचरा जातो." मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? "दादा डोले मिटून बसलेले. मी हाय हाय बोललो. आता तुमी पन बोलू नका."

मी बोलणारच होते. पदर खोचून बाहेर आले. तर हे खुर्चीत तसेच, मान जरा मागे कलती, जेवताना आईनं मागून काही विचारलं की ते करायचे तशी. मी परत आत गेले आणि आमटीला फोडणी घातली. रागावले नाही असं समजू नका. मी फोडणीवर रागावले.

पण ह्या शास्त्रापायी खरं मोडत होतं ते भलतंच. धवले गाणाऱ्या धवलारणीला घरी जाऊन मानाचा विडा द्यायचा असतो, तो दिल्याशिवाय ती मांडवात पाय ठेवत नाही, हे तुमच्या बंधूंना मी सांगायला हवं का? लग्न महिन्यावर आलं तरी हे विडा घेऊन गेले नव्हते. विसरलेही नव्हते. "आता आवाज आहे ना आपल्याकडे. आत्येला कशाला म्हातारपणी त्रास?" म्हणाले. तिकडे सगुणाआत्या रोज अंगण सारवून वाट बघतात, असं मला बाजारात दोघींनी सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या भावाची नात, आणि तिला हळद लावायला आत्यांचीच कॅसेट!

शेवटी आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी दुपारी त्या स्वतःच आल्या. बोलावल्याशिवाय आल्या असं दिसू नये म्हणून वालाच्या शेंगांची पिशवी आणलेली. ह्यांना आनंद झाला. आत्यांना हाताला धरून मधल्या खुर्चीत बसवलं, आपण त्यांच्या पायाशी बसले, जगन बटणांपाशी. मला जागा उरली ती स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर, खुर्चीच्या बरोबर मागे आणि त्या मुक्या खोक्याखाली. शेंगा सोलायला घेतल्या.

कॅसेट लागली. आत्या स्वतःचा आवाज ऐकत ताठ बसून राहिल्या. ह्यांनी डोळे मिटले. "आत्ये, आता मागून आयक हां. आय बसलीय बग." आत्यांनी वळून मागे पाहिलं. खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खोक्याकडे. म्हणाल्या, "परश्या, यो कई बोलतंय?"

"बोलतोय की. लुगड्याची सळसळ..."

"माजे वयनीचा लुगरा कई वाजला नाय," आत्या म्हणाल्या. "धुऊन धुऊन मऊ झालेला. वाजल कुठशी?"

कॅसेट आपली चालूच. ह्यांचे डोळे अजून मिटलेले, पण पापण्या हलत होत्या. मला वाटलं, आता उघडतील आणि मग काय दिसेल त्यांना? अंड्यांचे ट्रे.

तेवढ्यात आत्यांनी तोंड उघडलं. त्या मुद्दाम गायला लागल्या असं मला वाटत नाही. विड्याशिवाय त्या गाणार नाहीत. पण कॅसेटमधली ओळ संपली आणि पुढची त्यांच्या गळ्यातून आपोआप बाहेर पडली, जुन्या आवाजावर नवा आवाज, थोडा फाटका, पण ठाम. ओळ टाकली आणि थांबल्या. झेलायला कुणीतरी हवं ना! ओळ अशी अधांतरी सोडायची नसते, अशुभ असतं. त्यांनी वळून पाहिलं नाही, फक्त उजवा हात मागे केला, जसा सासूबाईंकडे करायच्या.

आणि ताई, मी ती ओळ उचलली. शेंगा ओटीत होत्या. सूर खाराच होता, मला माहीत आहे. पण पोचला.

तुमच्या बंधूंनी डोळे न उघडता मांडीवर थाप मारली. "बघ! आला की नाही मागून! जगन, हात लावू नको बटणाला!"

जगननं बटणावरून हात काढले आणि माझ्याकडे बघून घाम पुसला. आम्ही दोघींनी अख्खा धवला पुरा केला. नंतर आत्या उठल्या, रिकामी पिशवी झटकली आणि ह्यांना म्हणाल्या, "विडा कवा आनतंस? आन झेलाला हिला बसव. तुजे खोक्याला सांग, गप बस." दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळ करून, टोपी घालून विडा घेऊन गेले. म्हणजे सुमतीच्या लग्नात आत्या गाणार, हे पक्कं. पण चार खांबांना चार खोकीही असणारच. आणि ह्यांच्या मते त्या रविवारी यंत्रच बरोबर लागलं होतं.

तर असं हे तुमच्या बंधूंचं शास्त्र. चारी बाजूंनी ऐकणारा माणूस, आणि घरात मी समोर उभं राहून 'भांडी कधी आणायची' विचारते ते मात्र ऐकू येत नाही. लहानपणी तुम्ही त्यांचे कान पुरेसे पिळले नाहीत, असं माझं स्पष्ट मत झालंय. भाऊजींना नमस्कार, रतनला आशीर्वाद, तिच्या बाळाची दृष्ट काढा.

तुमची,
सरोज

ता. क. १ : खरं काम राहिलंच. लग्नाच्या आठ दिवस आधी या. गुडघ्यासाठी बसायला उंच पाट ठेवते. हे रोज संध्याकाळी ती कॅसेट लावतात आणि मी मागे स्टुलावर तांदूळ निवडते आणि झेलते. एवढे दिवस निभावलं, कारण पहिली बाजू मला ऐकून ऐकून पाठ झाली. काल त्यांनी कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूचं मला काही येत नाही. तुम्ही सासूबाईंच्या लेक, तुम्हाला सगळं येत असणार. स्वयंपाकघराचं दार लावून शिकवा. खारं लागलं तर सांगा, वाईट वाटून घेणार नाही. (घेईन, पण दाखवणार नाही.)

ता. क. २ : दारावरच्या खोक्याची वायर मागच्या बुधवारी जाळी काढताना माझ्या केरसुणीनं निघाली. तशीच लोंबतेय. हे म्हणतात, बुधवारपासून आई जास्त स्वच्छ येते. त्यांना लिहू नका.

ता. क. ३ : पत्र बंद करणार होते, तेवढ्यात पाहिलं तर माझ्या त्या स्टुलावर कुणीतरी उशी ठेवलीय, सुमतीच्या रुखवतातली नवी, भरतकामाची. ह्यांना विचारलं. म्हणाले, "खोक्याला हादरा बसू नये म्हणून." खोकं भिंतीवर टांगलेलं आहे, ताई.