गुरुवारचं गाणं बंद झालं

सलिल,

बाबांना चारला अर्धाच कप चहा दे, भरलेला कप त्यांच्याकडून सांडतो. आणि आज त्यांना गाण्याला नेऊ नकोस. आपल्या पेठेतलं विरंगुळा केंद्र कायमचं बंद झालं. सोमवारी दारावर नोटीस दिसली, म्हणून तशीच वॉर्ड ऑफिसात गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "काकू, इमारत धोकादायक आहे. दुसरी जागा नाही. घरीच गाणी लावून द्या की."

मी त्यांना सांगितलं, पक्षाघातापासून ह्यांना बोलता येत नाही, पण तिथे चारचौघांबरोबर गाताना अख्खी ओळ तोंडातून येते. ते म्हणाले, "अर्ज देऊन ठेवा."

घरी गाणी लावून पाहिली. हे नुसते ऐकत बसले. मग मी स्वतः गाऊन पाहिलं. माझ्याबरोबरही एक शब्द आला नाही.

त्यांना अजून कळलेलं नाही. मला तीन दिवस धीर झाला नाही. सकाळीच त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय. आता तूच सांग. मी अर्ज द्यायला जातेय. त्याने काही होणार नाही, ठाऊक आहे. पण तू सांगशील तेव्हा त्यांच्या समोर उभं राहणं मला जमणार नाही.

आई