आधी पेन्सिलीचा ठिपका

अण्णा, सकाळपासून कॉम्प्युटरपुढं बसलोय. इथं सांगलीत, नातीच्या मागं लागून, या वयात रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे साच्यानं मजकूर शोधायची रीत, शिकलो. म्हणजे तुमची पुठ्ठ्याची पट्टीच की! आधी नाव, मग बापाचं, मग आडनाव, असा साचा लिहायचा. जुळेल ती ओळ पिवळी होते. एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा जातो, त्यांची यादी जवळच्या एका गावानं साफ करायला दिलीय. जास्तीची टिंबं, मोकळ्या जागा झटक्यात गेल्या. आता दुबार नावं पिवळी झालीत. एक कळ दाबली की तीही जातील. आणि चुकून कुणाचं गेलं, तर त्याचा डबा बंद.

दुष्काळाचं साल दिसतंय मला, वडूजचं तहसील कार्यालय. तुम्ही हेडक्लार्क, मी नवखा कारकून, सरकारी खाऊ वाटायचा, त्या सुकडीच्या याद्या तपासतोय. तुम्ही पुठ्ठ्याला खाच पाडून दिलीत. ओळींवरून सरकवली की फक्त नावं दिसायची. बजावलंत, "पट्टी नुसती दाखवती रं, ठरवायचं आपण. आधी पेन्सिलीचा ठिपका, मग चावडीत वाचायचं, मग शाई." एका गावात दोन ओळी हुबेहूब सारख्या निघाल्या. मी एक सरळ शाईनं खोडली. आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, त्या नातवाच्या बापालाही त्याच्या आजोबाचं ठेवलेलं असतं, मग आजा-नातवाची ओळ तीच होते. आमच्याच घरात असे दोघे होते, तरी सुचलं नाही. वयाचा रकाना पट्टीखाली झाकलेला.

पंधरवड्यानं निरोप आला: नाव नाही म्हणून सुकडी बंद, म्हातारा अंथरुणाला खिळलाय. तुमच्या सायकलवर मागं बसलो. माळावरून कुठं रडणं ऐकू येतंय का, एवढंच ऐकत होतो. दारात सून म्हणाली, "आवं, नातवाच्या वाट्यातलं दिलं तर त्वांड फिरवत्यात." आतून बारीक आवाज आला, "कागदावर मारलासा न्हवं? मग आता मढं बगाय आलासा व्हय?" तुम्ही शेजारून पेज मागून आणलीत, स्वतः पाजलीत. साहेबांपुढं म्हणालात, "चूक माझी."

कळ दाबलेली नाही. पिवळ्या ओळी छापून घेतल्यात, पेन्सिलीला टोक काढलंय, उद्या गावात वाचायला जातो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? त्या दिवशी परतताना तुम्ही विचारलंत, "चावडीत वाचलं हुतंस न्हवं?" मी "व्हय" म्हणालो. मी त्या गावात गेलोच नव्हतो, अण्णा.