पटाच्या बातमीचा खुलासा

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठे बैलांचा शंकरपट भरला की लोक मला तुमच्यावरून टोमणा मारतात. परवा लातूरच्या बाजारात एकजण हसत म्हणाला, "तुमच्या वडिलांनी पट समितीपुढं नांगी टाकली होती ना?" मी पिशवी उचलली आणि निघाले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आपला जिल्हा नवा झाला ते दिवस. नवे साहेब, नव्या कचेऱ्या, आणि जो तो साहेबांना हार घालायला टपलेला. पाऊस तर दगाच देत होता. त्यातच समितीने आटलेल्या तळ्याच्या पोटात पट भरवला. बैलांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी सरळ सुटतात, शेवटचा दोर ओलांडला की घड्याळ थांबतं. पण बैल थांबत नाहीत, त्यांना पुढे मोकळं रान लागतं. हे शेंबडं पोरही सांगेल. त्या वर्षी साहेबांना शेवट नीट दिसावा म्हणून समितीने पाहुण्यांचा मंडप थेट दोराच्या पुढे आणून ठोकला. मंडपाला बुजून एक जोडी वळली, छकडं उलटलं आणि हाकणारा माणूस चाकाखाली गेला. बाकीच्या पेपरांनी 'थरारक पट' म्हणून समितीच्या हार घातलेल्या अध्यक्षांचा फोटो छापला. मेलेला माणूस शेवटच्या ओळीत. तुम्ही आपल्या साप्ताहिकात पहिल्याच पानावर लिहिलंत, की मंडप पुढे ओढला म्हणून माणूस गेला आणि याचा जाब समितीने द्यावा. आपल्या छापखान्यात त्या बातमीचे शिशाचे खिळे, एकेक अक्षर, मीच जुळवले होते. मला तुमचा फार अभिमान वाटला.

थोड्याच दिवसांनी त्या मेलेल्या माणसाची बायको आली. तुम्ही जेवायला बसलेले आहात, आई भाकरी थापते आहे आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. आई म्हणते, "बस की बाई." ती बसत नाही.

"खरं लिव्हलं तुमी, साहेब. पर गुरांची छावणी अध्यक्षाच्याच हातात हाय. माझी बैलं हाकलून दिली. चारा कुठंच न्हाई."

"मी छावणीवर लिहितो," तुम्ही म्हणता.

"नका लिव्हू. लई लिव्हलं. आता येवढंच छापा, की माझा मालक पिऊन व्हता, त्याचीच चूक झाली. आसं छापलं की बैलं आत घेतो म्हंतोय अध्यक्ष."

"तो लिंगायत, त्याच्या गळ्यात लिंग होतं, बाई. दारूच्या वासालाही तो थांबत नव्हता."

"मला ठावं न्हाई का?" ती म्हणते. "मेल्याला काय खायला लागतंय? पोरं हायेत मला. बैलं गेली तर रान कोण नांगरंल?"

तुम्ही ताट सरकवलंत. खुलासा लिहून माझ्या हातात दिलात. मी म्हणाले, हे मी जुळवणार नाही. तुम्ही चिडला नाहीत, नुसतं "सरक" म्हणालात आणि चष्मा लावून स्वतःच एकेक खिळा जुळवत बसलात. मग दुसऱ्या पेपरांनी तुम्हाला सोलून काढलं. संपादक विकला गेला, शेपूट घातलं, काय काय लिहिलं. खरं कारण तुम्ही कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बैल पुन्हा छावणीबाहेर. बैल जगले. आपला पेपर मात्र लोकांनी हातात धरणं सोडलं, आणि तुम्ही खचलात ते खचलातच.

मागच्या महिन्यात मी त्या बाईकडे गेले. आता पार म्हातारी झालीय, ऐकूही कमी येतं. मोठ्याने सांगितलं, की अध्यक्ष मेला, छावणी कधीच उठली, आता तरी मला खरं छापू दे. तुझ्या नवऱ्याचं नाव धुऊन निघेल आणि माझ्या बापाचंही. ती म्हणाली,

"माझ्या पोरास्नी वाटतं, बाप पिऊन मेला. आईनंच तसं छापून घेतलं हे कळलं, तर माझ्या हातचं पाणी पितील का ती? मी हाय तवर नको, माय."

मी हो म्हणाले. दिलेला शब्द मोडायचा नाही, हे तुमच्याकडूनच शिकले. म्हणून ती आहे तोवर हे कागद कुठेच धाडायचे नाहीत.

अधूनमधून मी तिच्या तब्येतीची चौकशी करते. घरच्यांना वाटतं, माझी तिच्यावर माया आहे. नाना, तुमच्यापासून काय लपवू, ती कधी जाते याची मी वाट पाहते.