उतू जाणारी दारू

आदरणीय सिस्टर बोनाव्हेंचर यांना,

धाकट्या भावजयीचा, ॲडेलाचा, सप्रेम नमस्कार. (लग्नाला अडतीस वर्षं झाली, ‘मला हेडविग म्हण’ असं तुम्ही कितीदा सांगितलंत, पण ज्यांनी मला सातवीत व्याकरण शिकवलं त्यांना नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मठातल्या नव्या लिफ्टला तुम्ही ‘आळशांची शिडी’ म्हणता असं कानावर आलं. कृपा करून तीच वापरा. इथे बर्फ अजून पडलेला नाही, सफरचंदं उतरवून झाली, आणि तुमच्या भावाचं, काझिमिरचं, मनगट डॉक्टरांच्या मते बरं झालं आहे. काझिमिरच्या मते नाही. पत्र त्याबद्दलच आहे आणि त्याची सुरुवात दारूपासून होते. क्रूसाची खूण करू नका, बंदुकीची दारू.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या घरी पिस्तुलाची काडतुसं विकत आणत नाहीत. नेमबाजीच्या मैदानावरच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, धुवायच्या आणि तळघरातल्या प्रेसवर पुन्हा भरायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी वर बटाट्याची धिरडी करायचे आणि खालून प्रेसच्या दांड्याचा ठक-ठक आवाज यायचा. घरात कुणीतरी आहे, हे मला त्या आवाजाने कळायचं. (आईच्या घरी सात भावंडं होती, त्यामुळे शांततेची मला भीती वाटे.) वसंतात त्याच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाल्यापासून दांडा मी ओढते आणि तो शेजारी स्टुलावर बसून काट्यावरची वजनं वाचतो. दोघांचं बरं चाललं होतं, पण तीस वर्षं तो वापरत असलेली दारू दुकानांतून नाहीशी झाली. नवी निवडणं आलं.

शुक्रवारी पॅरिशच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं, तिथे मी भोळेपणाने विचारलं की कोणती घ्यावी. लोक धर्मावरून इतके भांडत नाहीत. ऑर्व्हिल झिमनी (आपला निवृत्त पोस्टमन, आता नेमबाजी क्लबचा अध्यक्ष) म्हणाला की जलद पेटणारी घे, चिमूटभर पुरते, एक डबा वर्षभर जातो. त्यावर हार्डवेअरवाला प्रिबिल म्हणाला, “ऑर्व्हिल, तू स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा तांदूळ मोजून उधळलेस.” पुढे अर्धा तास मासे गार होत राहिले. मला त्यातून एवढंच कळलं: चिमूटभरवाल्या दारूने पुंगळीचा तळ जेमतेम झाकला जातो. फोन वाजला, मी विसरले आणि दांडा दोनदा ओढला, तर दुप्पट दारू आत निवांत मावते, वर गोळी बसते, आणि ते काडतूस पिस्तुलासकट हातही फोडू शकतं. प्रिबिलची दारू मात्र फुगीर, चुरलेल्या पोह्यांसारखी. एकदा ओतली की पुंगळी अर्ध्याहून जास्त भरते, दोनदा ओतली तर उतू जाऊन टेबलावर सांडते. जपमाळ अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणाऱ्या बाईने कोणती निवडावी? मी उतू जाणारी निवडली. काझिमिर खूश झाला. म्हणाला, जिची चूक लपत नाही तीच घरात आणावी.

आणि त्याच दारूपाशी बसून मी लपवाछपवी केली. प्रत्येक गोळीला तो ओठ आवळायचा, मनगटात कळ जायची. बोलायचा नाही, पण पुसणाऱ्याला भांड्यावरचा डाग दिसतोच. म्हणून तो दुपारी झोपला असताना मी माप थोडं कमी केलं आणि शंभर काडतुसं हलकी भरली, पुस्तकातल्या सर्वांत खालच्या आकड्याच्याही खाली. (खाली जाऊ नका असं पुस्तकात ठळक छापलं आहे. मी वाचलं होतं.) आता, भरलेल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची असते: कोणती दारू, किती वजन, कोणती तारीख. बिनचिठ्ठीचा डबा आमच्यात कुणी हातात धरत नाही. मी चिठ्ठी लावली. आदल्या डब्यावर होता तोच आकडा लिहिला, तीच तारीख, तुम्ही शिकवलेल्या वळणदार अक्षरात.

रविवारी मैदानावर तिसऱ्याच गोळीला पिस्तूल अडकलं. त्याचा वरचा भाग गोळीच्याच धक्क्यावर मागे सरकून रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. धक्का कमी पडला की तो अर्ध्यात थांबतो आणि पुंगळी फटीत उभी राहते. तिला इथे धुरांडं म्हणतात. पण धरणाऱ्याचं मनगट ढिलं असलं तरी नेमकं तसंच होतं. पाच धुरांडी झाली. मग ऑर्व्हिल जवळ आला, काझिमिरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “मनगट सुटतंय रे, कॅझ.” चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. काझिमिरने उरलेल्या काडतुसांच्या डब्याला रबर लावलं आणि तो गाडीच्या डिकीत ठेवला. सोमवारी हॉलच्या फळ्यावर चिठ्ठी होती: प्रेस विकणे आहे, मालकाचा हात गेला.

मी त्याच संध्याकाळी सगळं कबूल केलं. रडलेसुद्धा. तो पावाला लोणी लावत होता. सुरी ठेवली, माझा हात थोपटला आणि म्हणाला, “तू फार चांगली बाई आहेस, ॲडेला.” विश्वास ठेवला नाही! माझं मलाच भोवलं. त्याचं अकॉर्डियन छान वाजतं असं अडतीस वर्षं सांगत आले (तुम्ही ते ऐकलं आहे), आता खऱ्याला कोण विचारतो? मी म्हटलं, डिकीतलं एक काडतूस उघड आणि दारू काट्यावर टाक. त्याने डिकीची किल्ली खिशात घातली.

“आणि वजन बरोबर निघालं तर?” एवढंच विचारलं त्याने.

तेव्हापासून तळघरात आवाज नाही.

प्रकृतीला जपा. आमच्यासाठी प्रार्थना करा, पण गुडघे टेकून नको.

तुमची,
ॲडेला

ता. क. प्रिबिल येत्या रविवारी दुपारी प्रेस न्यायला येणार आहे. त्याआधी, चर्चमधल्या मासनंतर, तुम्ही याल का? मी गाडी घेऊन येते. डिकीची किल्ली तुम्ही मागितलीत तर काझिमिर नाही म्हणणार नाही, आणि शेतावर त्याला पिस्तूल धरायला तुम्हीच शिकवलं होतं. त्या डब्यातली पाचसहा काडतुसं त्याच्यासमोर झाडा, दर वेळी निशाण्याच्या कागदाला भोक पडलेलं बघून मगच पुढची (हलक्या काडतुसाची गोळी कधी नळीतच अडकून राहते). चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं मनगट ढिलं आहे असं म्हणायची ऑर्व्हिलचीही छाती नाही (तोही तुमच्याच वर्गात होता). तुमच्या हातात धुरांडं झालं की काझिमिर मानेल.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. धुरांडी झाली त्याच्या आदल्या रविवारी, दोन्ही डबे भरून तयार असताना, त्याने दुसरा डबा संपवला, तेव्हा एकही गोळी अडकली नव्हती. दोन्ही डब्यांवर माझी एकच चिठ्ठी. हलका कोणता होता, हे आता मलाही छातीठोक सांगता येत नाही. तेव्हा पिस्तूल तुमच्या हातात सुरळीत चाललं, तर सिस्टर, तिसऱ्या गोळीला मनगट जरासं ढिलं सोडाल का? पाप माझ्याकडे लागलं. मी शनिवारीच फादरना सांगून ठेवते.