मर्यादित प्रगती

स्कोप्ये,
२७ फेब्रुवारी

प्रिय ब्लाझे,

अनेक आशीर्वाद. तू आणि रोदना बरे असाल असं धरून चालते. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

रविवारी क्षमेचा सण. दरवर्षी तू प्रिलेपहून येतोस, धाकटा म्हणून माझ्या हातावर ओठ टेकतोस आणि "ताई, चुकलंमाकलं माफ कर" म्हणतोस. मग दोऱ्याने टांगलेला हलव्याचा तुकडा हात न लावता तोंडात पकडायला जातोस आणि मिशा बरबटून घेतोस. यंदा तू येऊ नकोस, मीच येते. कारण पुढे लिहिते आहे.

दमले रे. बावीस वर्षं झाली या संस्थेत. सुरक्षा, लोकशाही, युरोपात सामील होण्याची तयारी. पूर्वी हे सांगताना छाती फुगायची. युरोपच्या दारात उभं राहून आपल्या देशाने स्वतःचं नावसुद्धा बदललं, दार काही उघडलं नाही. आणि मी दर वसंतात नवा अहवाल लिहिते.

आमच्याकडे मोजकेच शब्द चालतात. 'प्रगती नाही', 'मर्यादित प्रगती', 'काही प्रगती', 'चांगली प्रगती'. एकेका शब्दावरून तीन-तीन बैठका होतात. तुला वाटतं, मी फक्त सीमासुरक्षा बघते. पण गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण मिळतं का, हे अहवालातलं प्रकरण गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'प्रगती नाही'. लिहिताना डोळ्यांसमोर तूच होतास. न तपासता सोडलेल्या ट्रकांची तू तक्रार केलीस आणि सीमाशुल्क खात्याने तुला नाक्यावरून उचलून जुन्या फायलींच्या तळघरात बसवलं.

आमचे संचालक म्हणाले, "ल्युप्का, यंदा ब्रुसेल्सचं मन जरा वळतंय. कशाला नाट लावतेस?"

मी भांडले नाही. 'नाही' खोडलं, 'मर्यादित' लिहिलं आणि कॉफी प्यायला गेले. देशासाठी केलं, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे वाद घालायचा कंटाळा आला होता.

जानेवारीत त्या बदलीविरुद्धच्या तुझ्या दाव्यात खात्याच्या वकिलाने तेच वाक्य वाचून दाखवलं आणि तू हरलास. त्या दिवशी फोनवर तू म्हणालास, "ताई, तुमच्या ऑफिसातल्या कुठल्या गाढवाने लिहिलं गं ते? सापडू दे, तळघरात कोंडून फायली खायला घालतो." मी हसले. ब्लाझे, मी तुझ्याबरोबर हसले. अहवालावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं, म्हणून हसता आलं.

अपिलाला अजून अकरा दिवस आहेत. माझा मूळ मसुदा तारखेसकट आज तुझ्या वकीलबाईंना पाठवला, सोबत माझ्या सहीचं निवेदन. शब्द कोणी आणि का बदलला, ते त्यात आहे. संचालकांना मी स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, "मग सोमवारपासून येऊ नका." बरंच झालं, ते जिने गुडघ्यांना झेपत नव्हतेच.

थोरल्याने धाकट्यापुढे वाकायची आपल्यात रीत नाही, हे मला माहीत आहे. रविवारी मी वाकेन. सवयीने लगेच 'माफ केलं' म्हणू नकोस. आधी हे पत्र पुन्हा वाच. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी हलवा पायरीवर ठेवून परत जाईन.

तुला सापडलेलं गाढव,
तुझी ल्युप्काताई